प्रांत गेला, संघटना उरली: कँटरबरी रग्बीचा इतिहास आणि स्पर्धा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कँटरबरी नावाचा विस्तीर्ण सपाट मुलूख आहे. पश्चिमेला सदर्न आल्प्सची हिमाच्छादित रांग, पूर्वेला प्रशांत महासागर, मध्ये कुरणे आणि शेते, आणि या सर्वांचे केंद्र म्हणजे क्राइस्टचर्च हे शहर. इंग्लंडच्या चर्चशी निगडित असलेल्या एका वसाहत मंडळाची जहाजे १८५० च्या डिसेंबरमध्ये येथे लागली आणि त्यानंतर अवघ्या काही वर्षांत कँटरबरीला स्वतःचे प्रांतिक विधिमंडळ, स्वतःचा निवडून आलेला प्रमुख आणि स्वतःचा खजिना मिळाला. १८७६ मध्ये न्यूझीलंडच्या मध्यवर्ती सरकारने सगळी प्रांतिक सरकारे बरखास्त केली. नकाशावरचा आणि बोलण्यातला प्रांत राहिला, पण त्याच्या हातात सत्ता उरली नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, कँटरबरी रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना झाली. ती देशातील पहिली प्रांतिक रग्बी संघटना होती. या दोन घटनांमध्ये कोणी थेट कार्यकारणभाव जोडत नाही. परंतु प्रांत म्हणून अभिमान व्यक्त करण्यासाठी माणसांना जे व्यासपीठ हवे होते ते पुढची शंभर वर्षे राजकारणाने नव्हे, तर रग्बीने पुरवले, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

रग्बीशी परिचय नसलेल्या वाचकाने प्रथम ही रचना समजून घ्यावी. महाराष्ट्रात राज्य एक असले तरी रणजी करंडकात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन वेगळे संघ उतरतात, कारण क्रिकेटच्या संघटना राज्याच्या आजच्या सीमा पाहून नव्हे, तर जुन्या इतिहासातून घडल्या आहेत. कँटरबरीचेही तसेच आहे. भौगोलिक कँटरबरीत आज कँटरबरी, मिड कँटरबरी आणि साउथ कँटरबरी अशा तीन स्वतंत्र संघटना आहेत. देशभरात अशा एकूण २६ प्रांतिक संघटना असून त्यांच्यावर न्यूझीलंड रग्बी ही राष्ट्रीय संस्था आहे. प्रांतिक संघटनेच्या पोटात स्थानिक क्लब येतात आणि त्या क्लबांतून निवडलेला प्रांताचा संघ इतर प्रांतांशी खेळतो. ‘ऑल ब्लॅक्स’ या नावाने जगभर ओळखला जाणारा राष्ट्रीय संघ या उतरंडीच्या अगदी वर आहे. १९९६ पासून प्रांत आणि देश यांच्यामध्ये आणखी एक थर आला, आणि आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्या थरात आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

न्यूझीलंडमध्ये रग्बीच्या नियमांनुसार पहिला सामना १४ मे १८७० रोजी नेल्सन येथे झाला. इंग्लंडमध्ये शिकून परतलेल्या चार्ल्स मन्रो या तरुणाने तो घडवून आणला होता. क्राइस्टचर्चमध्ये मात्र त्याच्याही आधीपासून, १८६३ पासून, एक फुटबॉल क्लब होता. देशातील सर्वांत जुना क्लब हाच. परंतु तेथे जो खेळ चाले तो धड रग्बी नव्हता आणि धड आजचा फुटबॉलही नव्हता. प्रत्येक गाव, प्रत्येक शाळा आपापले नियम वापरी आणि सामन्याआधी कोणत्या नियमांनी खेळायचे यावरच वाद होत. एका गावचा संघ दुसऱ्या गावी रेल्वेने जाऊ लागला तसा हा गोंधळ असह्य होत गेला. १८७९ मध्ये टिमारू या बंदराच्या गावी क्लबांच्या प्रतिनिधींची बैठक झाली आणि सर्वांनी रग्बीचे नियम मान्य करून एक संघटना उभी केली. म्हणजे पहिल्या प्रांतिक संघटनेचा जन्म मोठ्या स्वप्नातून नव्हे, तर नियम एकसारखे असावेत या अगदी व्यावहारिक गरजेतून झाला. त्याच वर्षी वेलिंग्टनमध्येही संघटना निघाली आणि १८८१ मध्ये ओटागोत. गंमत अशी, की ज्या टिमारूत हा पाया घातला गेला ते गाव फार काळ या संघटनेत राहिलेच नाही. १८८८ मध्ये साउथ कँटरबरीने स्वतःची संघटना काढली आणि टिमारू तिचे मुख्य ठिकाण झाले. थोड्या खेळाडूंच्या प्रदेशाला क्राइस्टचर्चच्या निवड समितीकडून न्याय मिळेल असे वाटत नसेल, तर वेगळे होणे हाच मार्ग असतो. पुढे ॲशबर्टनच्या परिसरानेही तीच वाट धरली आणि त्यातून मिड कँटरबरी उभी राहिली.

क्राइस्टचर्चलाही वरच्या सत्तेविषयी तसाच संशय होता. १८९२ मध्ये वेलिंग्टनमध्ये राष्ट्रीय रग्बी संघटना स्थापन झाली तेव्हा कँटरबरी, ओटागो आणि साउथलँड या दक्षिणेतील तीन संघटनांनी तिच्यात सामील होण्यास नकार दिला. आपण इंग्लंडमधील मूळ संघटनेशी थेट संबंध ठेवू शकतो, मग वेलिंग्टनचे वर्चस्व का मानायचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८९५ पर्यंत तिन्ही संघटना आत आल्या, पण राजधानीविषयीची ही कुरकुर आजतागायत थांबलेली नाही आणि या लेखाच्या शेवटी ती पुन्हा भेटेल.

प्रांतिक संघटनेचे रोजचे काम फारसे आकर्षक नसते. मार्च-एप्रिलपासून, म्हणजे तिकडच्या शरद ऋतूपासून, क्लबांचे सामने लावणे, पंच पुरवणे, प्रशिक्षकांना शिकवणे, शिस्तभंगाच्या तक्रारी ऐकणे आणि शालेय स्पर्धा भरवणे ही तिची खरी कामे. कँटरबरीत क्लब स्पर्धेचे दोन वेगळे विश्व आहेत. एक शहरातील: लिनवुड, सिडनहॅम, न्यू ब्रायटन, मारिस्ट अल्बियन, हायस्कूल ओल्ड बॉइज, विद्यापीठाचा क्लब आणि १८६३ चा तो जुना क्राइस्टचर्च क्लब. दुसरे ग्रामीण भागातील: दक्षिणेकडचे एल्समेअर आणि उत्तरेकडचे नॉर्थ कँटरबरी येथील क्लब, जेथे शनिवारच्या सामन्यात शेतकरी, मेंढ्यांची लोकर कातरणारे कामगार आणि शाळाशिक्षक एकाच स्क्रममध्ये, म्हणजे चेंडूसाठी प्रतिस्पर्ध्यांना रेटणाऱ्या खेळाडूंच्या जुडीत, खांद्याला खांदा लावून उभे असतात. डॅन कार्टर हा रग्बीच्या इतिहासात कसोटी सामन्यांत सर्वाधिक, १,५९८, गुण मिळवणारा खेळाडू याच ग्रामीण भागातील साउथब्रिज या छोट्या गावातून आला. तेथून क्राइस्टचर्च बॉइज हायस्कूल, मग शहरातील क्लब, मग प्रांत: हा मार्ग इतक्या खेळाडूंनी तुडवला आहे की त्याला आता राजमार्गच म्हणावे लागेल.

आता स्पर्धांकडे वळू. त्यांपैकी सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत विलक्षण स्पर्धा म्हणजे रॅनफर्ली शील्ड. न्यूझीलंडचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रॅनफर्ली यांनी १९०२ मध्ये प्रांतिक संघांसाठी ती ढाल दिली. ढालीच्या मधल्या चित्रात कारागिराने चुकून फुटबॉलचा गोल काढला होता आणि नंतर तो बदलून रग्बीचे उंच खांब बसवावे लागले. त्या वर्षी अपराजित राहिलेल्या ऑकलंडला ती न खेळताच देण्यात आली. १९०४ मध्ये पहिले आव्हान आले आणि वेलिंग्टनने ऑकलंडला ६–३ असे हरवून ती नेली. लोक तिला प्रेमाने ‘लाकडाचा ओंडका’ म्हणतात.

या स्पर्धेला गुणतक्ता नाही, गट नाहीत, उपांत्य किंवा अंतिम सामनाही नाही. ढाल ज्याच्याकडे आहे त्याला आव्हान द्यायचे आणि त्याच्याच मैदानावर जाऊन त्याला हरवायचे. हरवले तर ढाल आव्हानवीराची. सामना बरोबरीत सुटला तर ढाल जागची हलत नाही. ढालीच्या मालकाने परगावी सामना हरला तरी त्याचे काही बिघडत नाही. सध्याच्या नियमांनुसार राष्ट्रीय स्पर्धेच्या साखळी फेरीतील मालकाचा प्रत्येक घरचा सामना आपोआप आव्हानाचा ठरतो, बाद फेरीतील सामने मात्र त्यात धरले जात नाहीत. शिवाय मुख्य हंगाम सुरू होण्याआधी छोट्या, हौशी प्रांतांनाही आव्हानाची संधी द्यावी लागते. त्यामुळे असे घडू शकते की देशात सहाव्या क्रमांकावर असलेल्या प्रांताकडे वर्षभर ढाल असते आणि विजेत्याकडे ती नसते. तर्कशुद्ध विचार करणाऱ्याला ही पद्धत अन्यायाची वाटेल. पण तिच्यामुळे एक गोष्ट साधली: प्रत्येक घरचा सामना अंतिम सामन्याइतका मोलाचा झाला आणि छोट्या गावालाही एका दुपारपुरती सगळे काही जिंकण्याची आशा राहिली. साउथ कँटरबरीसारख्या छोट्या प्रांताने १९५० मध्ये आणि पुन्हा १९७४ मध्ये ही ढाल मिळवली होती.

मोठ्या कँटरबरीला मात्र ती पहिल्यांदा हाती येण्यासाठी १९२७ पर्यंत थांबावे लागले. १९५३ मध्ये तिने वेलिंग्टनला हरवून ढाल घेतली आणि १९५६ पर्यंत २३ आव्हाने परतवली. तोवर देशात राष्ट्रीय प्रांतिक स्पर्धाच नव्हती. म्हणून त्या तीन-चार वर्षांत ढालीचा मालक हाच लोकांच्या मनातील देशाचा विजेता होता. क्राइस्टचर्चच्या लँकेस्टर पार्क मैदानावर आव्हानाच्या दिवशी ग्रामीण भागातून गाड्या भरभरून लोक येत.

त्यानंतरचा मोठा काळ १९८२ ते १९८५ हा. त्याची पार्श्वभूमी कडवट होती. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंड दौऱ्यावर आला तेव्हा वर्णभेदाच्या धोरणावरून देश अक्षरशः दुभंगला. हॅमिल्टनचा सामना आंदोलक मैदानात घुसल्याने रद्द झाला, टिमारूतील सामना सुरक्षेच्या कारणावरून होऊच शकला नाही, आणि १५ ऑगस्ट रोजी लँकेस्टर पार्कवर पहिला कसोटी सामना पोलिसांच्या कड्यात खेळवला गेला. घराघरांत भांडणे झाली. अनेक पालकांनी मुलांना रग्बीपासून दूर केले. या वातावरणात, पुढच्याच वर्षी, ॲलेक्स वायली या माजी ऑल ब्लॅक खेळाडूच्या मार्गदर्शनाखाली कँटरबरीने वेलिंग्टनकडून ढाल जिंकली. वायली शेतकरी होता, बोलण्यात रोखठोक होता आणि ‘ग्रिझ’ या टोपणनावाने ओळखला जाई. त्याच्या संघाने २५ आव्हाने परतवली. ऑकलंडने १९६० ते १९६३ या काळात केलेल्या विक्रमाशी ही बरोबरी होती. त्या विजयांनी १९८१ च्या जखमा भरल्या असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, पण रिकामे होऊ लागलेले मैदान पुन्हा भरले हे खरे.

विक्रम मोडायला सव्विसावा विजय हवा होता आणि समोर नेमके ऑकलंड होते. १४ सप्टेंबर १९८५ रोजी लँकेस्टर पार्कवर पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. मध्यंतराला ऑकलंड २४–० असे पुढे होते. त्या काळी ट्राय, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे, चार गुणांचा होता (आज तो पाच गुणांचा आहे), म्हणून चोवीस गुणांची पिछाडी भरून काढणे जवळजवळ अशक्य होते. तरीही दुसऱ्या अर्धात कँटरबरीने चाळीस मिनिटे जे झुंजारपणे खेळून दाखवले त्याची चर्चा आजही होते. शेवटच्या क्षणी उंच मारलेला चेंडू ऑकलंडच्या रेषेपलीकडे पडला, त्यावर झेप घेण्यासाठी दोन्ही बाजूंचे खेळाडू धावले आणि चेंडू हातून निसटला. सामना २८–२३ असा ऑकलंडने जिंकला. पुढे ऑकलंडने १९९३ पर्यंत ढाल स्वतःकडे ठेवून सलग ६१ आव्हाने परतवली. हा विक्रम मोडण्याची शक्यता आता जवळजवळ नाही, कारण पूर्वीइतके आव्हानाचे सामनेच एका हंगामात होत नाहीत.

परदेशी संघांविरुद्धचे सामने हा प्रांतिक रग्बीचा दुसरा जुना मानबिंदू. पूर्वीचे दौरे तीन-तीन महिने चालत आणि पाहुणा संघ गावोगावच्या प्रांतांशी खेळे. कँटरबरीने १९५६ मध्ये दक्षिण आफ्रिकेला ९–६ असे नमवले होते. १९७१ मध्ये ब्रिटिश आणि आयरिश लायन्स, म्हणजे ब्रिटन व आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा संघ, यांच्याविरुद्धचा सामना मात्र कँटरबरीच्या कीर्तीत भर घालणारा नव्हता. त्या दुपारी चेंडूपेक्षा ठोसे अधिक फिरले, लायन्सच्या सँडी कारमायकलच्या गालाचे हाड मोडले, रे मॅक्लॉफ्लिनचा अंगठा मोडला आणि दोघांचाही दौरा तेथेच संपला. लायन्सनी सामना १४–३ असा जिंकला आणि पुढे मालिकाही जिंकली. कँटरबरीचे जुने चाहते या सामन्याचा विषय निघाला की आजही सुरुवात कोणत्या बाजूने केली यावर वाद घालतात. पाहणाऱ्यांच्या लेखी त्याला फारसा अर्थ नाही.

ढालीमुळे एक प्रश्न सुटत नव्हता: वर्षाअखेर देशातील सर्वोत्तम प्रांत कोणता? १९७६ मध्ये राष्ट्रीय प्रांतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्याचे उत्तर मिळू लागले. पहिल्या वर्षी बे ऑफ प्लेंटी विजेता ठरला, तर १९७७ मध्ये कँटरबरी. गुणपद्धती आज अशी आहे: विजयाला चार गुण, बरोबरीला दोन, चार किंवा अधिक ट्राय केल्यास एक जादा गुण, आणि सात किंवा कमी गुणांच्या फरकाने हरल्यास पराभूत संघालाही एक गुण. या जादा गुणांमुळे हरणारा संघही शेवटच्या मिनिटापर्यंत झगडत राहतो. २००६ मध्ये या स्पर्धेचे दोन भाग झाले. मानधन देऊ शकणाऱ्या १४ मोठ्या प्रांतांची एक स्पर्धा, आणि १२ छोट्या, हौशी प्रांतांसाठी हार्टलँड स्पर्धा. हार्टलँडमधील वरच्या गटाला मीड्स चषक असतो. कँटरबरी वरच्या भागात गेली, तिच्या दोन्ही शेजारी संघटना हार्टलँडमध्ये राहिल्या, आणि साउथ कँटरबरीने २०२२ व २०२३ मध्ये मीड्स चषक जिंकून आपले वेगळेपण सार्थ ठरवले. कँटरबरीचा स्वतःचा दबदबा तर असा, की २००८ ते २०१७ या दहा वर्षांत तिने नऊ विजेतेपदे मिळवली. मध्ये फक्त २०१४ मध्ये तारानाकी विजेता ठरला.

पण या नऊ विजेतेपदांचे मोल आधीच्या काळाइतके राहिले होते का? येथे तो मघाचा थर येतो. १९९५ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने रग्बीतील हौशीपणाचा नियम उठवला. त्याआधीच न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी दूरचित्रवाणी हक्कांचा प्रचंड करार केला होता आणि त्यासाठी सुपर १२ नावाची नवी स्पर्धा हवी होती. तेव्हाचे सत्तावीस प्रांत त्यात मावणार नव्हते. म्हणून न्यूझीलंडने पाच प्रादेशिक संघ तयार केले आणि दक्षिण बेटाच्या उत्तर व मध्य भागातील प्रांत एकत्र करून क्राइस्टचर्चला क्रुसेडर्स हा संघ दिला. कँटरबरी, मिड कँटरबरी, साउथ कँटरबरी, वेस्ट कोस्ट, बुलर हे सर्व आणि नेल्सनचा परिसर (आजचा टास्मन) यांचा तो सामाईक संघ. लाल-काळा रंग कँटरबरीचाच राहिला.

क्रुसेडर्सची सुरुवात दयनीय झाली. १९९६ मध्ये अकरा सामन्यांत दोन विजय आणि एक बरोबरी, आणि बारा संघांत शेवटचा क्रमांक. १९९७ मध्ये वेन स्मिथ प्रशिक्षक झाला आणि १९९८, १९९९ व २००० अशी सलग तीन विजेतेपदे आली. तिन्ही अंतिम सामने परक्या मैदानांवर: ऑकलंडला २०–१३, डनेडिनला २४–१९ आणि कॅनबेराला २०–१९. २००० पासून प्रशिक्षकपद रॉबी डीन्सकडे होते, ज्याच्या काळात २००२ मध्ये संघाने एकही सामना गमावला नाही. डीन्स हे नाव कँटरबरीत वजनदार आहे. रॉबीचे चुलत आजोबा बॉब डीन्स १९०५ मध्ये कार्डिफला वेल्सविरुद्ध खेळले होते. त्यांनी केलेला ट्राय पंचांनी मान्य केला नाही, न्यूझीलंड ०–३ असे हरले आणि त्या दौऱ्यातील हा एकमेव पराभव ठरला. १९०८ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, बॉब डीन्स वारले. पुढे २०१७ ते २०२३ या काळात स्कॉट रॉबर्टसनच्या मार्गदर्शनाखाली क्रुसेडर्सनी सलग सात विजेतेपदे मिळवली, त्यांपैकी दोन महासाथीच्या काळात झालेल्या देशांतर्गत स्पर्धेतील होती.

या यशाची किंमत प्रांतिक संघाने मोजली. सर्वोत्तम खेळाडूंचा मुख्य करार आता राष्ट्रीय संस्थेशी असतो. वर्षाच्या पूर्वार्धात ते प्रादेशिक संघाकडून आणि नंतर देशाकडून खेळतात. प्रांतिक स्पर्धा साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते, तेव्हा ते एक तर राष्ट्रीय संघात असतात किंवा विश्रांती घेत असतात. रिची मॅककॉ २००० मध्ये कँटरबरीकडून खेळू लागला आणि न्यूझीलंडकडून १४८ कसोटी खेळला. त्यापुढे त्याच्या प्रांतिक सामन्यांची संख्या अगदी तोकडी आहे. मॅककॉचे उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. तो मूळचा कुरो या खेड्यातला, शिकला डनेडिनला, आणि कँटरबरीत आला तो क्राइस्टचर्चजवळच्या लिंकन विद्यापीठात शिकण्यासाठी. विद्यापीठ, प्रशिक्षण केंद्र आणि क्रुसेडर्सचे आकर्षण या तिन्हींच्या जोरावर कँटरबरी इतर प्रांतांतील गुणवान मुले खेचून घेते, अशी छोट्या प्रांतांची तक्रार आहे. कँटरबरीचे समर्थक म्हणतात की मुले येतात कारण येथे ती घडतात. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी आहेत, आणि ज्या प्रांताने मुलाला बारा वर्षे सांभाळले त्याला भरपाई काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

महिलांच्या स्पर्धेत हा गुंता अजून इतका वाढलेला नाही. राष्ट्रीय महिला प्रांतिक स्पर्धा १९९९ मध्ये सुरू झाली आणि तिला तीन वेळा विश्वचषक जिंकणाऱ्या फराह पामर या कर्णधाराचे नाव देण्यात आले आहे. तीत कँटरबरीने २०१७ ते २०२० अशी सलग चार वर्षे विजेतेपद मिळवले. त्यातील २०२० चा अंतिम सामना वायकाटोविरुद्ध ८–७ असा एका गुणाने जिंकला. या संघाची हाफबॅक (स्क्रममधून आलेला चेंडू पुढे खेळवणारी खेळाडू) केंड्रा कॉक्सेज हिला २०१८ मध्ये देशातील वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू हा सन्मान मिळाला. तोवर तो कोणत्याही महिलेला मिळाला नव्हता. राष्ट्रीय महिला खेळाडू अजूनही प्रांतिक स्पर्धेत अधिक दिसतात, त्यामुळे प्रेक्षकाला पुरुषांच्या स्पर्धेत जे हरवले ते येथे सापडते.

आता मैदानाविषयी, कारण प्रांतिक संघटनेला मैदानावाचून उत्पन्न नाही. लँकेस्टर पार्क १८८१ मध्ये सुरू झाले. मराठी क्रिकेटप्रेमींना ते वेगळ्या कारणाने ठाऊक असेल: १९९० च्या फेब्रुवारीत रिचर्ड हॅडलीने येथे संजय मांजरेकरचा त्रिफळा उडवून आपला चारशेवा कसोटी बळी घेतला. तोवर कोणत्याही गोलंदाजाने हा टप्पा गाठला नव्हता. २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी क्राइस्टचर्चला भूकंपाचा धक्का बसला. त्यात १८५ माणसे मृत्युमुखी पडली. मैदानाखालची जमीन द्रवासारखी होऊन खचली आणि प्रेक्षागृहे वापरण्याजोगी राहिली नाहीत. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये विश्वचषक होता. क्राइस्टचर्चला मिळालेले सगळे सामने इतरत्र हलवावे लागले. क्रुसेडर्सनी तो हंगाम स्वतःच्या मैदानाविना काढला, एक ‘घरचा’ सामना चक्क लंडनच्या ट्विकेनहॅमवर खेळला, आणि तरीही अंतिम फेरी गाठली. ब्रिस्बेनला ते १३–१८ असे हरले. २०१२ मध्ये ॲडिंग्टन भागात घाईघाईने तात्पुरते मैदान उभारण्यात आले, आणि ते ‘तात्पुरते’ मैदान दशकभराहून अधिक काळ वापरावे लागले. लँकेस्टर पार्क पाडून तेथे सर्वांसाठी खुली मैदाने केली आहेत. शहराच्या मध्यभागी ‘ते काहा’ हे छप्पर असलेले, ३०,००० आसनांचे मैदान २०२६ मध्ये सुरू करण्याचे ठरले.

दुसरा धक्का वेगळा होता. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चमधील दोन मशिदींवर दहशतवादी हल्ला झाला आणि ५१ जणांचे प्राण गेले. त्यानंतर धर्मयुद्धाचे सैनिक असा अर्थ असलेले नाव संघाने ठेवावे का, यावर मोठी चर्चा झाली. सामन्याआधी मैदानात येणारे घोडेस्वार बंद झाले, तलवारधारी योद्ध्याचे चिन्ह जाऊन माओरी शैलीचे चिन्ह आले, परंतु नाव कायम ठेवण्यात आले. निम्मा निर्णय घेऊन थांबल्यासारखे मला ते वाटते, पण तो निर्णय शहराबाहेरच्याने घ्यावयाचा नव्हता हेही तितकेच खरे.

सत्तेचा जुना वाद २०२४ मध्ये पुन्हा उफाळला. आदल्या वर्षी एका स्वतंत्र समितीने राष्ट्रीय संस्थेचा कारभार पाहून असा निष्कर्ष काढला होता की ती ज्या काळासाठी घडली तो काळ संपला आहे. संचालक मंडळ पूर्णपणे स्वतंत्र असावे आणि त्यावर प्रांतांचा हात नसावा. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा या शिफारशींना पाठिंबा होता, आणि त्या फेटाळल्या तर व्यावसायिक खेळासाठी वेगळी व्यवस्था करू, असा इशाराही तिने दिला. मतदानाचा अधिकार मात्र प्रांतिक संघटनांकडे होता. त्यांनी स्वतःचा दुसरा प्रस्ताव मांडला: मंडळ स्वतंत्र असो, पण किमान तीन सदस्यांना प्रांतिक संघटनेच्या मंडळावर काम केल्याचा अनुभव असला पाहिजे. ३० मे २०२४ रोजी वेलिंग्टनमध्ये झालेल्या सभेत हा दुसरा प्रस्ताव ६९ विरुद्ध २१ मतांनी संमत झाला, आणि नवे मंडळ त्याच अटीनुसार निवडले गेले.